शेक : कोरियाचा आणि आपला

कोरियन पद्धतीचे तापणारे पलंग आता आपल्या शहरांतही आले आहेत. जुनाट गुडघेदुखीने बेजार झालेली वडीलधारी मंडळी तिकडे आशेने वळतात. कोरियात हा उपचार जुनाच आहे. तेथील वैद्य दवण्याच्या जातीतील एका वनस्पतीची वाळलेली पाने कुटून त्वचेवर किंवा त्वचेजवळ जाळतात. राजवैद्य हो जुन यांच्या १६१३ साली छापलेल्या 'दोंगुई बोगाम' या ग्रंथात औषधींबरोबर या शेकाचेही विवेचन आहे.

आपल्याकडे शेकाच्या उपचाराला स्वेदन म्हणतात. सुश्रुताने त्याचे ताप, ऊष्म, उपनाह व द्रव असे चार प्रकार सांगितले. निर्गुडीच्या पाल्याची वाफ किंवा तापवलेल्या मिठाची पुरचुंडी ही त्याचीच घरगुती रूपे होत.

उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात आणि वेदना काही काळ शमते. मात्र सांध्यातील झिजलेली कूर्चा भरून येत नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला तर चटका बसलेलाही कळत नाही. जिन्सेंगसारखी वनौषधीही रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या कामात अडथळा आणू शकते.

म्हणून शेक जरूर घ्यावा. पण आधी रक्तातील साखर तपासावी आणि चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत. नवी मुंबईत नेरूळला आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथेही सल्ला घेता येईल.