अडीच केबीचा व्हायरस काम कुणाकडून करून घेतो?

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला साधा फोटोही शे-दोनशे केबीचा असतो. एचआयव्हीचा सगळा जनुकीय कोड मात्र साधारण ९,७०० अक्षरांचा. अक्षरं चारच प्रकारची, म्हणजे प्रत्येकाला २ बिट पुरतात. हिशेब करून बघा, अडीच केबीसुद्धा भरत नाही.

एवढ्याशा कोडमध्ये नवा व्हायरस जुळवायची सगळी यंत्रणा बसेल कशी? बसत नाहीच. छोटं अ‍ॅप जसं कॅमेरा किंवा नकाशा स्वतः न लिहिता फोनच्या सिस्टिमकडून मागून घेतं, तसा एचआयव्ही आपल्या पेशीतली एन्झाइम्स वापरतो. शाळेच्या पुस्तकात त्यांनाच विकरं म्हणतात.

व्हायरसचं मुख्य बांधकाम गॅग नावाच्या प्रोटीनचं. एका कणात त्याच्या हजाराहून जास्त प्रती लागतात, आणि त्या सगळ्या पेशीच्या आवरणाला आतून चिकटाव्या लागतात. इथे पेशीतलं एनएमटी हे एन्झाइम कामाला येतं. ते गॅगच्या टोकाला १४ कार्बनची चरबीची शेपटी जोडतं. आवरणही चरबीचंच, त्यामुळे शेपटी त्यात रुतते. पण टोकाला ग्लायसीन हे अमिनो आम्ल असेल तरच एनएमटी हात लावतं. प्रयोगशाळेत हे एकच आम्ल बदललं, तर गॅग तयार होतं पण पेशीतच भटकत राहतं, कण बाहेर पडत नाहीत. एक कॅरेक्टर चुकलं की बिल्ड फेल, हे आमच्या धंद्यातही रोजचंच!

कणावरचे काटे कापून तयार करतं फ्युरिन, तेही आपलंच एन्झाइम. कोविडच्या व्हायरसचे काटेही तेच कापतं.

खरी गंमत बाहेर पडताना आहे. कण फुग्यासारखा पेशीबाहेर येतो, पण त्याची मान पेशीला जोडलेलीच असते. ती तोडायला व्हायरसकडे काहीच नाही. मग गॅगच्या शेवटाला असलेला चार आम्लांचा एक छोटा कोड पेशीतल्या एका प्रोटीनला खुणावतो, ते बाकीच्या टीमला बोलावतं आणि व्हीपीएस-४ हे एन्झाइम एटीपीची ऊर्जा खर्च करून काम पूर्ण करायला लावतं. व्हीपीएस-४ बिघडवलं, तर कण पेशीला तसेच लटकून राहतात.

मग व्हीपीएस-४ बंद करणारी गोळीच काढायची ना? अडचण अशी की एका पेशीच्या दोन होताना मधला शेवटचा धागा हीच टीम तोडते. मालवेअर घालवायला सिस्टिम फाइल डिलीट केल्यासारखं होईल ते.

म्हणून औषधांनी आतापर्यंत बहुतेक वेळा व्हायरसच्या स्वतःच्याच कोडमधले भाग धरले. बाहेर पडलेल्या कणात गॅगचे तुकडे करणारी कात्री, म्हणजे प्रोटीएज, व्हायरसची स्वतःची असते. तिला अडवणारं पहिलं औषध, साक्विनाविर, १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पण व्हायरस स्वतःचा कोड पटापट बदलतो आणि एकट्या औषधाला चुकवतो. त्यामुळेच एचआयव्हीच्या रुग्णांना दोन-तीन औषधं एकत्र देतात आणि डोस चुकवू नका म्हणून बजावतात.

आपली एन्झाइम्स अशी रातोरात बदलत नाहीत, म्हणून संशोधकांचा डोळा त्यांच्यावरही आहे. शोध आहे तो अशा एन्झाइमचा, जे थोडा वेळ बंद ठेवलं तर व्हायरस अडेल, पण पेशीचं काम थांबणार नाही.