शून्य आणि रिकामी जागा

"इतक्या लांब जाऊन कासवं मोजणार? आणि वर पैसेही तूच भरणार?" माझ्या थोरल्या बहिणीनं विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. तीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सेशेल्स देशातल्या क्युरियूज नावाच्या बेटावर दहा आठवड्यांसाठी स्वयंसेवक म्हणून गेले. अशा कामाला पगार नसतो. उलट राहण्या-जेवण्याचा खर्च आपणच द्यायचा असतो. "तिकडच्या कासवांना वाचवायला चालले आहे," असं मी बहिणीला ऐटीत सांगितलं. हे वाक्य किती पोकळ होतं, ते तिथे गेल्यावर कळलं.

सेशेल्स म्हणजे हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला विखुरलेली शंभराहून अधिक बेटं. मुंबईहून विमानानं माहे बेटावर, तिथून बोटीनं प्रास्लिनला आणि प्रास्लिनहून छोट्या होडीनं क्युरियूजला जायचं. बेट जेमतेम तीन चौरस किलोमीटरचं. १७६८ साली आलेल्या एका फ्रेंच जहाजाचं नाव बेटाला मिळालं. त्या नावाचा अर्थ 'जिज्ञासू'. पुढे इथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती. ती १९६५ पर्यंत टिकली. तिथल्या डॉक्टरांचं १८७३ सालचं लाकडी घर अजून उभं आहे. १९७९ मध्ये बेटाभोवतालचा समुद्र राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव झाला.

या बेटाची आणि आपली एक जुनी ओळख आहे. आपल्याकडे वैद्यांच्या बटव्यात असणारा 'दर्याचा नारळ' तुम्ही ऐकला असेल. फकिरांच्या हातातला काळा कटोराही त्याच्याच करवंटीचा. समुद्रातून वाहत येणारं हे फळ कुठल्या झाडाचं, हे शतकानुशतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते झाड निसर्गतः फक्त प्रास्लिन आणि क्युरियूज या दोन बेटांवर वाढतं. पहिल्या दिवशी त्या माडाखाली उभी राहिले, तेव्हा कोकणातल्या बाईला परकं वाटायचं कारण उरलं नाही. किनाऱ्यावर उंडीची झाडं होती. तिथे त्यांना 'तकमाका' म्हणतात. ताटात भात, मसूर आणि नारळाच्या रसातली माशाची आमटी. चटणीला तर 'सातिनी'च म्हणतात! क्रिओल भाषेतले 'बोंझूर' आणि 'मेर्सी' हे दोन शब्द तेवढे पाठ करावे लागले.

रुळायला मात्र वेळ लागला, तो वेगळ्याच कारणांनी. बेटावर रेंजर आणि आम्ही स्वयंसेवक, एवढीच वस्ती. गोडं पाणी जपून वापरायचं, तांदळाचा डबा घट्ट लावायचा, बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. खडकाचा साधा ओरखडाही दमट हवेत चिघळतो, म्हणून तो लगेच धुवायचा. विशीतल्या मुलांबरोबर एका खोलीत झोपायचं आणि पंचविशीतल्या गटप्रमुखाचं ऐकायचं. हे शेवटचं मला सर्वांत जड गेलं. आयुष्यभर मीच शिकवत आले होते ना!

पहिल्या आठवड्यात मला कासवाजवळ जाऊच दिलं नाही. आधी वाळू वाचायला शिका, म्हणाले. क्युरियूजवर प्रामुख्यानं हॉक्सबिल कासवं अंडी घालायला येतात. चोच पोपटासारखी, पाठीवर पिवळी-तपकिरी नक्षीदार खवलं. या खवलांचे कंगवे आणि चष्म्याच्या काड्या करण्याच्या हौसेपायी ही जात जगभर मारली गेली. हॉक्सबिल चालताना पुढचे पाय आळीपाळीनं टाकते, म्हणून तिच्या खुणा एकाआड एक पडतात. हिरवी कासवीण दोन्ही पाय एकदम ओढते, तिच्या खुणा समोरासमोर येतात. मागे ढकललेल्या वाळूवरून ती वर गेली की खाली आली, हेही कळतं. कधी ती वर येते, जागा पसंत पडत नाही आणि अंडी न घालताच परत जाते. तेही नोंदवायचं. नोंद झाली की खुणेवर काठीनं आडवी रेघ मारायची, म्हणजे दुसऱ्यानं ती पुन्हा मोजायला नको.

आपल्याकडे वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येतात. सेशेल्समधली हॉक्सबिल मात्र चक्क दिवसाढवळ्या येते. तशी पहिली मला ग्रांद आन्स नावाच्या किनाऱ्यावर दिसली. तिच्यासमोर जायचं नाही, मागे बसून राहायचं. ती खड्डा खणून अंडी घालू लागली की जणू तंद्रीत जाते. तेव्हाच हळूच पुढे सरकून तिच्या पायावरच्या धातूच्या बिल्ल्याचा क्रमांक वाचायचा आणि पाठीची लांबी मोजायची. बिल्ला का? कारण एकच मादी साधारण पंधरवड्याच्या अंतरानं एका हंगामात तीन-चार वेळा येते, आणि मग दोन-तीन वर्षं फिरकत नाही. दहा खुणा म्हणजे दहा कासवं नव्हेत. आणि किनाऱ्यावर रोज का फिरायचं? कारण भरती-पाऊस खुणा पुसून टाकतात. आज पाहिलं नाही, तर उद्या तिथे पाहण्यासारखं काही उरत नाही.

नोव्हेंबरातली एक दुपार मला विसरता येत नाही. आम्ही दोघं फेरीवर होतो. जोडीदार एका घरट्याचं अंतर मोजायला मागे थांबला आणि किनाऱ्याचं शेवटचं टोक मी एकटीनं पाहायचं ठरलं. तेवढ्यात पावसाची जोरदार सर आली. गुडघे दुखत होते. शंभरेक पावलं उरली असतील. मी लांबूनच नजर टाकली आणि मागे फिरले. संध्याकाळी नोंदवहीत त्या टोकासमोर लिहिलं : खुणा – शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वयस्क रेंजरना त्याच टोकाला, उंडीच्या मुळांशी, वाळूत खोलगट जागा दिसली. खुणा पावसानं पुसल्या होत्या, पण खाली अंडी होती. गटप्रमुखानं वही उघडली आणि विचारलं, "काल तुम्ही शेवटपर्यंत गेला होता ना?"

आरोपाचा सूर नव्हता. कासवीण माझ्या फेरीनंतरही आली असू शकत होती. मी 'हो' म्हणाले असते, तर कुणालाच कधी कळलं नसतं. क्षणभर तोंडावर 'हो' आलंही होतं. मग वर्गातलं माझंच वाक्य आठवलं. "निरीक्षण घेतल्याशिवाय जर्नलमध्ये आकडा लिहायचा नाही," असं सांगून मी कितीतरी मुलांना जर्नल परत लिहायला लावलं होतं. मी म्हणाले, "नाही. गेले नव्हते."

ती रागावली नाही. तिनं माझं शून्य खोडलं, तिथे 'पाहणी झाली नाही' असं लिहिलं आणि म्हणाली, "शून्य म्हणजे कुणीतरी पाहिलं आणि तिथे काही नव्हतं. रिकामी जागा म्हणजे कुणी पाहिलंच नाही. रिकामी जागा चालते आम्हाला. खोटं शून्य चालत नाही." त्या घरट्याच्या तारखेसमोर प्रश्नचिन्ह पडलं. अंडी फुटायला साधारण दोन महिने लागतात. तारीख नक्की नसल्यानं पुढच्या तुकडीला तिथे जास्त दिवस लक्ष ठेवावं लागणार होतं. माझ्या शंभर पावलांची भरपाई माझ्यामागून येणाऱ्या अनोळखी मुलांनी करायची होती.

एका शून्याचं एवढं काय, असं वाटेल. शेजारच्या कझिन बेटाची गोष्ट ऐका. हे बेट १९६८ मध्ये एका दुर्मीळ पक्ष्यासाठी विकत घेऊन राखीव केलं गेलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे हॉक्सबिलची मोजणी होत आली आहे. पुढच्या तीन-साडेतीन दशकांत तिथे अंडी घालणाऱ्या माद्या सुमारे आठपट झाल्या. कासव वयात यायला वीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. म्हणजे ज्यांनी पहिली मोजणी केली, त्यांना कष्टाचं फळ लगेच दिसणं शक्यच नव्हतं. दिसली असतील ती थोडीशी आकड्यांची ओळ. पण तीच ओळ नसती, तर 'वाढली' हे आज कशाच्या आधारावर म्हणणार?

प्रवाळाचंही तेच. १९९८ साली समुद्र तापला आणि सेशेल्सच्या आतल्या बेटांभोवतीचं नव्वद टक्क्यांहून अधिक जिवंत प्रवाळ गेलं. त्याआधी, १९९४ मध्ये, संशोधकांनी तिथल्या २१ प्रवाळ-जागांची नोंद करून ठेवली होती. संकट येणार, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. पुढे त्याच जागा पुन्हा पुन्हा पाहिल्या गेल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : बारा जागा सावरल्या, नऊ शेवाळानं व्यापल्या. पाणी खोल आणि प्रवाळाची रचना गुंतागुंतीची असेल, तिथे सावरण्याची शक्यता अधिक. शेवाळ खाणारे मासे भरपूर असतील, तर त्याचाही आधार. कुठे आधी जपायचं, हे आता थोडं तरी ठरवता येतं. २०१६ मध्ये समुद्र पुन्हा तापला, प्रवाळ पुन्हा पांढरं पडलं. मोजणारे पुन्हा पाण्यात उतरले.

उरलेल्या दिवसांत मी त्या टोकाला रोज गेले, पाऊस असला तरी. बहुतेक दिवशी काहीच नसायचं. मग मी शून्य लिहायची. पण आता ते शून्य माझ्या पायांनी कमावलेलं असायचं. डिसेंबरात निघताना पेन्सिल आणि वही एका नवख्या मुलीच्या हाती दिली. तिनं माझी खोडाखोड पाहून विचारलं, "हे काय?" मी तिला सगळं सांगितलं.

परत आल्यावर बहिणीनं विचारलं, "मग? किती कासवं वाचवलीस?" म्हटलं, "एकही नाही. दहा आठवडे नुसतं पाहिलं आणि लिहिलं. त्यातल्या एका दिवशी तेही धड केलं नाही."

ती हसली. पुढच्या मार्चात मात्र वेळासच्या कासव महोत्सवाला माझ्याबरोबर आली. तिथे पहाटे किनाऱ्यावर फेरी मारून आलेला एक गावकरी दिसला, तेव्हा तिनंच त्याला विचारलं, "दादा, काही दिसलं नाही, तर तेही लिहून ठेवता ना?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)