माउंटन मेडोजला वळसा घालू नका

कर्टलंडच्या मंदिराचा व्यवहार मार्च २०२४मध्ये जाहीर झाला, तेव्हा चर्चा झाली ती रकमेची. १९ कोटी २५ लाख डॉलर हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा आहेच. पण मॉर्मनांच्या जुन्या वाटेने फिरायला निघणाऱ्यांनी त्यातली दुसरी गोष्ट पाहायला हवी. ओहायोतलं हे मंदिर आणि इलिनॉयमधल्या नॉवूतली मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याची घरं आजवर ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ या लहान पंथाकडे होती. ती आता सॉल्ट लेक सिटीच्या बलाढ्य चर्चकडे गेली. दोघंही स्मिथचाच वारसा सांगणारे. १८४४ साली कार्थेजच्या तुरुंगात घुसून जमावाने स्मिथला ठार मारलं आणि घर फुटलं. बहुतेक जण ब्रिगहॅम यंग या नेत्याच्या मागून पश्चिमेला गेले. स्मिथची पत्नी एमा नॉवूतच राहिली आणि १८६०मध्ये तिच्या थोरल्या मुलाने या धाकट्या पातीचं नेतृत्व घेतलं. त्यामुळे कालपरवापर्यंत नॉवूत एकाच इतिहासाच्या दोन कहाण्या ऐकायला मिळत. आता तिथे सांगणारा एकच उरला.

मला याची काळजी वाटते. नवा मालक इमारती उत्तम राखेल, यात शंका नाही. कर्टलंड पाहायला आता पैसे पडत नाहीत, हेही चांगलंच झालं. १८३६मध्ये अर्पण झालेलं ते मंदिर पाहण्यासारखंच आहे: एकावर एक दोन सभागृहं, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली व्यासपीठं, आणि वक्ता कुठल्याही टोकाला उभा राहिला तरी त्याच्याकडे तोंड करून बसता येईल अशी बाकांची सोय. पण स्मिथच्या अनेक विवाहांसारख्या अवघड गोष्टींबद्दल नॉवूत आता कोण किती बोलणार, हा प्रश्न उरतोच. चर्चने ते विवाह २०१४च्या आपल्या लेखांत मोकळेपणाने मान्य केले आहेत. तेव्हा प्रवाशाने तिथे बिनधास्त विचारावं.

नॉवूहून पुढची वाट साधारण २,१०० किलोमीटरची. फेब्रुवारी १८४६मध्ये कडाक्याच्या थंडीत पहिल्या गाड्यांनी मिसिसिपी ओलांडली आणि २४ जुलै १८४७ला यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. १८६९मध्ये रेल्वे येईपर्यंत अंदाजे ७० हजार माणसं या वाटेने गेली. १८५६मध्ये विली आणि मार्टिन यांच्या तुकड्या हातगाड्या ओढत फार उशिरा निघाल्या, वायोमिंगच्या बर्फात सापडल्या आणि दोनशेहून अधिक जण दगावले. आज चर्चची किशोरवयीन मुलं तिथल्याच मार्टिन्स कोव्हला हातगाड्या ओढत तो प्रवास पुन्हा अनुभवतात. माझ्या मते मात्र या वाटेवरची सर्वांत बोलकी खूण नेब्रास्कात स्कॉट्सब्लफजवळ आहे. या वाटेने निघालेली रेबेका विंटर्स १८५२च्या ऑगस्टमध्ये पटकीने गेली. कबरीवर लावायला दगड नव्हता, तेव्हा गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेऊन तिच्यावर छिन्नीने नाव आणि वय कोरलं आणि ती वाकवून कबरीवर रोवली. सोबतच्या असंख्य कबरी गवताखाली नाहीशा झाल्या. ‘रेबेका विंटर्स, वय ५०’ ही अक्षरं अजून वाचता येतात.

सॉल्ट लेक सिटीत बहुतेकांची यात्रा संपते. तिथे आपल्याशी नातं सांगणारी एक वास्तू आहे, मॅक्यून मॅन्शन. १९०१मध्ये ती बांधून घेणारा खाणमालक आल्फ्रेड मॅक्यून जन्मला कलकत्त्यात. तिथल्या ब्रिटिश फौजेत अधिकारी असलेले त्याचे वडील मॉर्मन झाले आणि कुटुंब युटाला गेलं. त्याच काळात, १८५२मध्ये, ह्यू फिंडले हा प्रचारक मुंबईत उतरला आणि पुण्यातही त्याने काम केलं. काही वर्षांतच ते मिशन गुंडाळलं गेलं.

पण यात्रा इथे संपवू नये. सेंट जॉर्जच्या उत्तरेला, १८ क्रमांकाच्या राज्य महामार्गालगत माउंटन मेडोज आहे. झायन राष्ट्रीय उद्यानाकडे जाणाऱ्या गाड्या तिकडे क्वचितच वळतात. सप्टेंबर १८५७मध्ये आर्कान्सॉहून कॅलिफोर्नियाला निघालेला स्थलांतरितांचा तांडा इथे उतरला होता. अमेरिकेचं सैन्य युटावर चालून येतंय या बातमीने वातावरण तापलेलं होतं. मॉर्मन मिलिशियाने काही पायुट आदिवासींना सोबत घेऊन तांड्याला वेढा घातला, पाचव्या दिवशी पांढरं निशाण दाखवून अभय दिलं, शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि सुमारे १२० माणसं मारली. सतरा लहान मुलं तेवढी वाचली. सगळा दोष पायुटांवर ढकलला गेला. शिक्षा झाली ती फक्त जॉन डी. ली याला; वीस वर्षांनी त्याच कुरणात त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

हे सत्य बाहेर काढलं ते एका श्रद्धाळू मॉर्मन बाईने. वानिटा ब्रुक्स १८९८मध्ये नेवाडातल्या बंकरव्हिल या मॉर्मन गावात जन्मल्या. तरुण शिक्षिका असताना नेफाय जॉन्सन नावाचे एक वृद्ध गृहस्थ त्यांच्याकडे आले. आपण डोळ्यांनी पाहिलेलं मरण्याआधी कुणीतरी लिहून घ्यावं, अशी त्यांची विनंती होती. वानिटाबाईंना जायला उशीर झाला. त्या पोचल्या तेव्हा म्हातारा भ्रमात होता आणि रक्त, रक्त म्हणून ओरडत होता. माउंटन मेडोजच्या हत्याकांडात तोही होता, हे त्यांना नंतर कळलं. पुढे संसार आणि पोरंबाळं सांभाळत त्यांनी दूरदूरची कागदपत्रं जमवली. टाइपरायटरशेजारी इस्त्रीचं टेबल कपड्यांच्या ढिगासह कायम मांडलेलं असे. शेजारीण आली की टाइपरायटरवर कपडे पडत आणि बाई इस्त्री करताना दिसत. १९५०मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांचं या हत्याकांडावरचं पुस्तक छापलं. चर्चमधल्या अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, पण बाईंनी ना चर्च सोडलं ना एक ओळ मागे घेतली. १९६१मध्ये चर्चने लीचं सदस्यत्व मरणोत्तर पुन्हा बहाल केलं. दीडशेव्या स्मृतिदिनी, २००७मध्ये, चर्चच्या वतीने जाहीर खेद व्यक्त झाला. या मार्गावर निघण्यापूर्वी एकच पुस्तक वाचायचं असेल तर ब्रुक्सबाईंचं वाचावं.

माउंटन मेडोजला टेकडीवर मृतांची नावं कोरलेला ग्रॅनाइटचा फलक आहे, खाली दगडांची समाधी. २०११मध्ये जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. वंशजांपैकी काहींनी ती केंद्र सरकारकडे सोपवण्याची मागणी केली होती. चर्चने मालकी सोडली नाही. चर्चने ती सोडायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

अशी जागा मृतांच्या वंशजांच्या हाती येऊ शकते, याचा दाखला सॉल्ट लेकच्या उत्तरेला दोनेक तासांवर आहे. आयडाहोत प्रेस्टनजवळ बेअर नदीकाठी २९ जानेवारी १८६३ला अमेरिकी सैन्याने शोशोनी आदिवासींच्या हिवाळी वस्तीवर हल्ला केला; किमान अडीचशे माणसं मेली. मॉर्मन वसाहतींनी शोशोनींची कुरणं आणि पाणी आधीच गिळलं होतं, तणाव त्यातूनच वाढला होता. २०१८मध्ये नॉर्थवेस्टर्न शोशोनींनी तिथली जमीन स्वतः विकत घेतली. आता ते नदीकाठी स्थानिक झाडं लावताहेत आणि त्या दिवशी काय झालं ते त्या मृतांचे वंशज स्वतः सांगतात.