हातखर्च : किती द्यावा आणि कुणाला?

मुलांना कॉलेजला घालताना फी, पुस्तकं, राहण्याची सोय यांचा हिशोब आपण आधीच मांडतो. हातखर्चाचा मात्र मांडत नाही. 'लागतील तसे देऊ' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. आमच्या घरी तो झाला, म्हणून हे लिहीत आहोत.

आमचा थोरला पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. धाकटी चिपळूणला बी.एस्सी. करते, रोज गावाहून एसटीने जाते. मुलाच्या खोलीचे आणि मेसचे पैसे आम्ही परस्पर भरायचो, वर महिन्याला ४,००० रुपये पाठवायचो. मुलीचं ठरलेलं असं काहीच नव्हतं. पास काढून दिलेला, डबा घरचा. 'तिला कशाला लागतात पैसे? लागले तर मागेल की,' असं आम्ही दोघंही म्हणायचो.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिची एसटी आलीच नाही. मैत्रिणी मिळून रिक्षा करून निघाल्या. हिच्याकडे वीस रुपये होते. 'मला घ्यायला येणार आहेत,' असं खोटंच सांगून ती स्टँडवर बसून राहिली आणि रात्रीच्या गाडीने घरी आली. फोन का केला नाहीस, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "अब्बा, दर वेळी कशाला हवेत ते सांगावं लागतं. नको वाटतं."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. झेरॉक्ससाठी ती मैत्रिणीकडून उसने घ्यायची. प्रॅक्टिकल लांबलं की उपाशीच राहायची. शिवाय मुलीच्या काही गरजा अब्बांसमोर बोलण्यासारख्या नसतात आणि अम्मीच्या हातात त्या वेळी पैसे असतीलच असं नाही.

आम्हाला हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आठवली. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षीदार राहण्याची विनंती केली. बाकीच्या मुलांनाही असंच दिलंस का, असं प्रेषितांनी विचारलं. उत्तर 'नाही' आलं, तेव्हा त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. ती आम्ही कितीदा ऐकली होती, पण घरात लावून पाहिली नव्हती.

भेट सारखी द्यायची, खर्च मात्र ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे, हे खरं. पण गरज तरी दोघांनाही विचारायला हवी ना?

मुलगा सुट्टीत आला तेव्हा चौघंही वही घेऊन बसलो. त्याने मोबाइलमधले यूपीआयचे व्यवहार वाचून दाखवले. मेसचे पैसे भरलेले असूनही १,४०० रुपये बाहेरच्या खाण्यावर गेले होते. त्यातल्या रविवारच्या जेवणाला आमची हरकत नव्हती, कारण रविवारी संध्याकाळी त्याची मेस बंद असते. ५०० रुपये एका मित्राच्या परीक्षा फीसाठी दिले होते. त्यावर आम्ही काहीच बोललो नाही, मनातून बरंच वाटलं.

शेवटी असं ठरलं. मुलाला रविवारच्या जेवणाचे ५००, बसचे ६००, झेरॉक्स-वह्यांचे ४००, साबण-तेल-कटिंगचे ५०० आणि रिचार्जचे ३००, असे २,३००. मुलीला खाण्याचे ४००, झेरॉक्सचे ३००, रिचार्जचे ३००, अडीअडचणीच्या रिक्षाचे ३०० आणि तिच्या स्वतःच्या गरजांचे २००, असे १,५००. यावर दोघांनाही 'मनाचे' ७०० रुपये. त्यांचा हिशोब आम्ही विचारायचा नाही. म्हणजे त्याला ३,०००, तिला २,२००. गरजेची रक्कम वेगळी, मनाची सारखी.

'यूपीआय सर्कल'मध्ये महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत मर्यादा घालून मुलांना आपल्या खात्यातून खर्च करू देता येतो. आम्ही ते नको म्हटलं. त्याच्या प्रत्येक चहाची खबर आम्हाला कशाला? सूरह निसामध्ये यतीमांची मालमत्ता त्यांच्या हाती सोपवण्याआधी त्यांची पारख करत राहण्याचा हुकूम आहे. पारख करायची तर हातात थोडे पैसे द्यावे लागतात आणि चुकूही द्यावं लागतं.

पहिल्या महिन्यात मुलाचे पैसे २४ तारखेलाच संपले. त्याने फोन केला, पण आम्ही पाठवले नाहीत. मेसमध्ये जेवण होतंच, उपाशी राहणार नव्हता. पुढच्या महिन्यापासून तो आठवड्याचे पैसे वेगळे काढू लागला. मुलीचे मात्र महिनाअखेर ९०० उरले आणि ते तिने आणून अम्मीच्या हातात ठेवले. ते तिचेच आहेत, हे तिला पटवायला आम्हाला दोन महिने लागले.

परवा पुन्हा एसटी चुकली. मैत्रिणींबरोबर रिक्षाने, आपला वाटा स्वतः देऊन ती मगरिबच्या आत घरी आली.

आकडे प्रत्येक घराचे वेगळे असणार. कुणाला ५०० रुपयेही जड जातील. पण रक्कम लहान असली तरी ठरलेली असावी, मागावी लागू नये. आपल्या घरात मुलीचा हातखर्च ठरलेला आहे का? आज जेवणं झाल्यावर तिला एकदा विचारून पाहा.