यकृताची तपासणी कार्यालयाच्या दारात हवी

चंदीगडमध्ये सुखना तलावापासून जवळच, किशनगढ गावाला लागून राजीव गांधी तंत्रज्ञान पार्क आहे. शहर त्याला नुसते आयटी पार्क म्हणते. इथे अनेकांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, कारण त्यांचे ग्राहक अमेरिकेत असतात. अलीकडेच तेथे मला एक ३१ वर्षांचा अभियंता भेटला. सोनोग्राफीत त्याच्या यकृतावर चरबी आढळली होती. तो दारूला स्पर्शही करत नाही. ‘‘वजन कमी करा, एवढेच सांगितले. पण रात्री दोन वाजता समोसा आणि शीतपेय यांखेरीज काही मिळतच नाही,’’ तो म्हणाला. पुढे कोणाकडे जायचे, हेही त्याला ठाऊक नव्हते.

यकृताचा आजार म्हणजे दारूचा आजार, हा समज आता पुरेसा नाही. हैदराबादेतील ३४५ आयटी कर्मचाऱ्यांची पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील ८४ टक्के जणांच्या यकृतात चरबी वाढलेली होती आणि ७१ टक्के जण स्थूल होते. एका शहरातील ही छोटी पाहणी साऱ्या देशाचे चित्र नव्हे; पण तिचा इशारा स्पष्ट आहे. अशा प्रत्येकाला सिरोसिस होत नाही. मात्र काहींच्या बाबतीत सूज, मग व्रण आणि अखेर सिरोसिस किंवा कर्करोग, असा प्रवास वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. दिलासा एवढाच की, सुरुवातीच्या टप्प्यात वजन सात ते दहा टक्क्यांनी घटले, तरी यकृत बऱ्याच अंशी सावरते.

या लढाईचा एक धडा चंदीगडपाशीच आहे. पंजाबात हेपटायटिस ‘सी’च्या रुग्णांना पूर्वी मोठ्या रुग्णालयांच्या वाऱ्या कराव्या लागत. जून २०१६ मध्ये राज्य सरकारने मोफत उपचारांची योजना आणली. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील तज्ज्ञांनी जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना प्रशिक्षण दिले आणि २२ जिल्हा रुग्णालये व तीन वैद्यकीय महाविद्यालयांत उपचार सुरू झाले. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ४८ हजार रुग्णांनी लाभ घेतला. दहापैकी नऊ जण विषाणूमुक्त झाले. जुलै २०१८ मध्ये केंद्रानेही राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. औषध तर महत्त्वाचे होतेच. पण ते रुग्णाच्या गावाजवळ नेले, हे खरे यश.

चरबीयुक्त यकृतावर मात्र बारा आठवड्यांच्या गोळ्यांसारखा सोपा तोडगा नाही. म्हणूनच प्रतिबंध रुग्णालयाबाहेर, माणूस जिथे खातो आणि बसतो तिथे व्हायला हवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारताने हा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला. तिशी ओलांडलेल्यांची माहिती भरताना आशा सेविका टेपने कंबरही मोजतात. पण घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना रात्री काम करून दिवसा झोपणारा हा अभियंता भेटणार कसा? नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी मोफत वार्षिक तपासणीची हमी दिली, तीही चाळिशीपुढच्यांना. आयटी पार्कमधील मोठा वर्ग त्या वयाच्या कितीतरी अलीकडे आहे.

यावर मला तीन उपाय दिसतात. पहिला, अशा कार्यालयांत तपासणीचे वय ३० करावे. कंबर (पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे धोका), रक्तदाब आणि साखर यांपासून सुरुवात व्हावी. धोका दिसेल त्यांची पुढची चाळणी डॉक्टरांनी साध्या रक्तचाचण्यांवर करावी. दुसरा, अहवाल कर्मचाऱ्याच्या हाती देऊन न थांबता त्याला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राशी जोडावे. तो गोपनीय राहील आणि बढतीच्या आड येणार नाही, याची कायदेशीर हमी हवी. तिसरा, रात्रपाळीच्या उपाहारगृहात डाळ, भाजी, पोळी आणि ताक मिळणे ही परवान्याची अट असावी. यासोबत ‘बी’ची लस आणि दारूबाबतचे समुपदेशन हवेच, कारण चरबी आणि मद्य एकत्र आले की हानी वाढते.

यांपैकी कशालाही नवे रुग्णालय लागत नाही. हिंजवडी असो वा हैदराबाद, प्रश्न एकच आहे. ज्या तरुणांच्या कष्टांवर आपण आर्थिक वाढीचे आकडे मांडतो, त्यांच्या आरोग्याची गाठ सिरोसिसच्या वॉर्डातच पडावी का? पंजाबने उपचार रुग्णाच्या दारी नेले. आता प्रतिबंध कार्यालयाच्या दारी न्यायचा आहे.