खासदाराचे विधेयक आणि आपले उसाचे बिल



कुंभार पिंपळगाव भागात नुसता ऊस करणारा शेतकरी विरळाच. कालव्याच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यावर दोन-तीन एकर ऊस आणि बाकीच्या रानात कापूस, सोयाबीन, तूर, असाच बहुतेकांचा मेळ असतो. रान एकाचेच, घामही एकाचाच. पण कायद्याच्या नजरेत उसाची गोष्ट वेगळी आणि बाकी पिकांची वेगळी. हा फरक मिटावा म्हणून एका खासदाराने २०१८ साली लोकसभेत विधेयक मांडले होते. त्याचे काय झाले आणि त्यातून आपण काय घ्यायचे, ते या लेखात पाहू.

आधी उसाचे बघू. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा. त्याखाली १९६६ साली ऊस नियंत्रण आदेश निघाला. उसाचा भाव केंद्र सरकार ठरवते. पूर्वी त्याला वैधानिक किमान भाव म्हणत. २००९ पासून रास्त व किफायतशीर भाव, म्हणजे आपल्या बोलण्यातली एफआरपी, लागू झाली. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये भाव जाहीर झाला. उतारा घटला तर भाव घटतो, पण ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी ३२९.०५ रुपयांहून कमी देता येत नाही. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, हे आपणास ठाऊक आहेच. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर सालाला १५ टक्के व्याज लागते आणि थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. हा नियम खाजगी कारखान्याला आहे तसाच सहकारी कारखान्यालाही आहे, हे आपल्या कारखान्याच्या पत्रकात लिहायला संकोच कशाला?

आता कापूस-सोयाबीनचे बघा. त्यांना केंद्र सरकार हमीभाव जाहीर करते. २०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. पण मोंढ्यात अनेक ठिकाणी माल त्याखाली गेला, हे आपण डोळ्यांनी पाहिले. सरकारी खरेदी केंद्रावर माल लागला तर तो भाव मिळतो. पण व्यापाऱ्याने त्याखाली घेतला तर त्याला अडवील असा केंद्राचा कायदा नाही. नाव हमीभाव, पण हमी घेणारा कोणी नाही!

ही हमी कायद्यात यावी म्हणून विधेयक मांडणारे खासदार म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील श्री. राजू शेट्टी. हातकणंगले मतदारसंघातून ते २००९ आणि २०१४ साली लोकसभेवर निवडून आले. ऊसदराच्या आंदोलनातून पुढे आलेले हे नेतृत्व. कारखानदारीशी त्यांचे अनेकदा वाजले, तरी त्यांचे हे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. जून २०१७ मध्ये मध्य प्रदेशात मंदसौर येथे गोळीबारात शेतकरी मेले. त्यानंतर देशभरातल्या शेतकरी संघटना एकत्र आल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीत त्यांची संसद भरली. तिच्यासमोर आलेले दोन मसुदे शेट्टी यांनी पुढच्या वर्षी लोकसभेत मांडले. एक शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचा; दुसरा, उत्पादनखर्चावर किमान ५० टक्के धरून निघणारा हमीभाव हा शेतकऱ्याचा कायदेशीर हक्क करण्याचा. खर्चावर ५० टक्के ही शिफारस डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने केलेली होती.

ही विधेयके सरकारची नव्हती, खाजगी सदस्याची होती. जो खासदार मंत्री नाही त्याने मांडलेले ते खाजगी विधेयक. त्यासाठी लोकसभेत शुक्रवारी दुपारी अडीच तास राखून ठेवलेले असतात. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयके कायद्यात उतरली, त्यातले शेवटचे १९७० साली. शेट्टींची विधेयकेही मंजूर झाली नाहीत. मे २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि ती आपोआप रद्द झाली. त्याच निवडणुकीत शेट्टीही पडले.

मग सगळे वाया गेले का? तसे नाही. खाजगी विधेयक म्हणजे पेरणीआधीची नांगरट. तिने लगेच पीक हाती येत नाही, पण रान तयार होते. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या कृषी स्थायी समितीनेच हमीभावाला कायद्याचा आधार द्यावा अशी शिफारस केली.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उसाचा कायदा पाळून घेता येतो, कारण घेणारा एक कारखाना, काटा एक, पावती एक. सोयाबीन हजारो व्यापारी घेतात. भाव पडले असता त्यांनी घ्यायचेच थांबवले, तर माल कोणी घ्यायचा? सरकारने घ्यायचा, तर पैसा आणि गोदामे कुठली? शिवाय नुसता भाव बांधून भागत नाही. उसाचा भाव बांधलेला होता, पण साखर पडल्या दराने जात होती, तेव्हा कारखान्यांची बिले थकली. म्हणून जून २०१८ मध्ये साखरेलाही किलोला २९ रुपये किमान विक्रीदर बांधावा लागला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ रुपये झाला. एका भावाला दुसऱ्या भावाचा टेकू लागतो. हमीभावाचा कायदा मागताना ही तजवीजही मागितली पाहिजे.

आता आपले काम. आपला जिल्हा जालना, पण घनसावंगी विधानसभा मतदारसंघ लोकसभेला परभणीत मोडतो, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. परभणीचे खासदार गावात आले म्हणजे रस्ता, सभामंडप मागाच. पण त्याबरोबर हेही विचारा, की साहेब, हमीभावाच्या कायद्यावर सभागृहात आपण काय बोललात? प्रश्न कोणता टाकलात? आणि विचारणाऱ्याने आपले कागद जपावेत. काट्याची पावती, उसाचे बिल, मोंढ्यातली पट्टी एका पिशवीत ठेवा. कोणत्या पिकाला कायदा आहे आणि कोणत्या पिकाला नाही, हे त्या पिशवीतले कागद शेजारी-शेजारी ठेवले की आपोआप दिसते.