रानकांदा: नावात कांदा, कुळ शतावरीचं

आज बोलूया रानकांद्याबद्दल. काही जण याला कोळकांदाही म्हणतात. किनवट-माहूरकडचं रान असो की लातूरकडचा माळ, उन्हाळ्यात कोरड्या जमिनीतून एक उघडा दांडा वर आलेला दिसतो. पान एकही नाही, नुसती मळकट तपकिरी-हिरवट फुलं. पानं येतात पाऊस पडल्यावर. जमिनीखाली मात्र अगदी कांद्यासारखा पापुद्र्यांचा कंद.

मग हा आपल्या कांद्याचा भाऊ का? नाही! फुलांकडे बघा. बियाण्याच्या कांद्याला गोंडा येतो, म्हणजे सगळ्या फुलांचे देठ एकाच टोकातून फुटतात. रानकांद्याची फुलं दांड्यावर खालून वर, अंतरा-अंतरानं लागतात. कंद कापला तरी कांद्याचा वास नाही. रस लागला तर खाज मात्र सुटते.

पूर्वी दोघांनाही लिलीच्या मोठ्या कुळात धरायचे. पुढे डीएनए तपासल्यावर ते कुळ फुटलं. 2009 च्या एपीजी-3 वर्गीकरणात कांदा-लसूण अमॅरिलिडेसी कुळात गेले आणि रानकांदा ॲस्परागेसीत. तिथं त्याचे भाऊबंद कोण? शतावरी आणि बांधावरचा घायपात!

मोबाइलवर शोधाल तर याची तीन नावं सापडतील. रॉक्सबर्गनं त्याला 'सिला इंडिका' म्हटलं. 1843 मध्ये कुंथनं 'अर्जिनिया इंडिका' केलं, 1977 मध्ये जेसपनं 'ड्रिमिया इंडिका'. प्रजाती बदलली की पहिलं नाव बदलतं, 'इंडिका' तेच राहतं. झाड एकच आहे, घाबरू नका.

घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला. या कंदात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात. त्यांच्यापासून औषध बनलं हे खरं, पण औषध आणि विष यांत फरक मात्रेचा. कच्चा कंद पोटात गेला तर उलट्या होतात, नाडीचे ठोके मंदावतात किंवा बिघडतात, जीवही जाऊ शकतो. शिवाय 'रानकांदा' हे नाव लोक इतर कंदांनाही देतात. त्यामुळं व्हॉट्सॲपवर कुणी 'रानकांद्याचा रस प्या' असा मेसेज टाकला, तर मी आधी विचारेन, कुठला रानकांदा? तुम्हीही विचारा. फोटो काढा, फुलं मोजा, पण उपटू नका आणि चाखून तर मुळीच बघू नका. कुणी चुकून खाल्लाच, तर उरलेला तुकडा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.